उद्या या वेळी दिनकर

दिनकर शिर्के गेल्याचा फोन गुरुवारी आला, तेव्हा आधी आठवलं ते त्याचं रविवारचं वाक्य. दुःख जरा मागून आलं...

माझा हा शेजारी सांगलीत घराच्या पुढच्या खोलीत इंग्रजी शिकवायचा. भविष्यात चालू असणारी क्रिया हा त्याचा लाडका धडा. ‘विल बी’ घ्यायचं, क्रियापदाला ‘आयएनजी’ लावायचं, झालं. पण वापरायचं म्हणजे त्याच्या लेखी शब्द द्यायचा : अमुक वेळी मी अमुक कामाच्या मधोमध असेन. म्हणून प्रत्येकाने उद्याचं एक वाक्य सांगायचं, आणि दुसऱ्या दिवशी नेमक्या त्या वेळी दिनकर मोपेडवरून तपासायला हजर!

जतच्या महादूला सैन्यात जायचं होतं. ‘टुमॉरो अ‍ॅट फाइव्ह आय विल बी रनिंग,’ त्याने छातीठोकपणे सांगितलं. पहाटे पाचला दिनकर मैदानावर आणि महादू गोधडीत. दिनकरने खोलीवर जाऊन कडी वाजवली.

“आवं सर, ते नुसतं वाक्य हुतं!”

“रचना बरोबर, वाक्य खोटं. अर्धे गुण. चल, पळ.”

हुशार पोरांनी मग ‘आय विल बी स्लीपिंग’चा आसरा घेतला. दिनकर त्यांनाही उठवायचा आणि जागे सापडले म्हणून गुण कापायचा.

मग दिनकरलाच छातीचं दुखणं निघालं. मुलगा म्हणाला, “बाबा, क्लास बंद करा, पुण्याला चला.” दवाखान्यातल्या खाटेवरून दिनकर म्हणाला, “संडे अ‍ॅट टेन आय विल बी टीचिंग.” पोरांनाही त्याने तसा निरोप धाडला. मुलाने माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे.

शनिवारच्या शोकसभेत एका पुढाऱ्याने शाल सावरत ‘सरांचं कार्य आम्ही अखंड करत राहू’ असं जाहीर केलं. आता हे तपासायला कोण जाणार?

रविवारी दहाला पोरं आपणहून जमली. महादू तर पळतच आला, घामाने निथळत. फळ्यासमोर कुणी नव्हतं. महादू पुटपुटला, “सरांचं वाक्य खोटं झालं की रं.”

दारात वहिनी, दिनकरची बायको, उभ्या होत्या. पोरं गोरीमोरी झाली.

“रचना बरोबर होती ना?” वहिनींनी विचारलं. “मग अर्धे गुण द्या त्यांना.”

मोपेड अजून त्यांच्या दारात आहे, तोंड रस्त्याकडे करून. उद्या काय करताय, असं कुणी विचारलं, की मी आधी तिच्याकडे बघतो आणि मगच उत्तर देतो.