तात्पुरतं शेड

"काकू, अप्पा गेले," असं संदीपनं फोनवर सांगितलं आणि माझ्या तोंडून निघालं, "शेड पडलं का?" भाऊजी झोपेतच गेले होते. पण आमच्या घरात धास्ती होती ती त्या शेडचीच.

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. सगळी नोकरी लोकांची बांधकामं तपासण्यात गेली. निवृत्त झाले तरी कुठल्याही हॉटेलात शिरताना आधी खांबावर तळहात टेकून रेटा द्यायचे, मगच बसायचे. लेकीच्या लग्नाच्या मांडवातही त्यांनी हे केलं, व्याही बघत राहिले. आम्ही पोट धरून हसलो होतो. पुढं त्यांच्याच लेकानं, संदीपनं, गारखेड्यात हॉटेल काढलं. बाहेर मोकळ्यावर टेबलं, वर ताडपत्री. मग बांबूंच्या जागी लोखंडी पाईप आले, ताडपत्रीच्या जागी पत्रे, पत्र्यांवर पाण्याची टाकी. दरवेळी संदीपचं एकच, तात्पुरतं आहे. तात्पुरत्याला परवानगी लागत नाही, अशी त्याची सोयीची समजूत.

भाऊजींनी त्या शेडखाली कधी पाय ठेवला नाही. रस्त्याकडच्या कडुलिंबाखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून बसत, चहा तिथंच मागवत. एकदाच बोलले, "तात्पुरतं म्हणून पाया नाय घातला, अन् कायमचं समजून लोकं बसतेत."

"अप्पा, तुमी गिऱ्हाईक पळवायला बसता काय इथं?" संदीप म्हणाला. त्यानंतर बापलेकांत बोलणं उरलं नाही... मला दोघांचाही राग यायचा.

तेराव्याचं जेवण संदीपनं त्याच शेडखाली ठेवलं. मला ते आवडलं नाही, तसं मी म्हटलंही. पंगत बसली आणि वारा सुटला. वर पत्रे खडखडले. बोलणं थांबलं, परत सुरू झालं. संदीप वाढत होता. भाताचं भांडं खाली ठेवून त्यानं खांबावर तळहात टेकला, अगदी भाऊजींसारखा, आणि रेटा दिला. बुडाशी फरशी हलकेच उचलली गेली. मी शेजारीच होते.

"काकू," तो हळूच म्हणाला, "आगुदर लेकरायला उठवा."

लेकरांना मी बाहेर आणलं. मोठी माणसं, तेराव्याच्या ताटावरून अर्धवट उठायचं कसं म्हणून, शेवटपर्यंत जेवली.

त्या दिवशी काही झालं नाही. शेड अजून उभं आहे. लग्नसराई सरली की काढतो, असं संदीप म्हणतो... हल्ली तो गल्ल्यावर बसत नाही. कडुलिंबाखाली, भाऊजींच्या खुर्चीत बसतो आणि तिथूनच गिऱ्हाइकांना हातानं आतली टेबलं दाखवतो.