आमच्या डोंगराच्या वणव्याचा लेख

बीडला एका कोचिंग क्लासमध्ये मी भूगोल शिकवते. तासांवर तास घेऊन घसा बसतो, पाय भरून येतात. तरी दुपारच्या सुट्टीत एका ऑनलाइन मराठी ज्ञानकोशासाठी लेख तपासून द्यायचे. हौस कधीच संपली होती, सवय तेवढी उरली होती.

एकदा तपासायला आलेला लेख आमच्याच डोंगराला लागलेल्या वणव्याचा निघाला. शिरूर कासारकडच्या आमच्या गावामागे वनखात्याचा डोंगर आहे, तो. लेख तसा बरा होता. पण मधेच एक वाक्य होतं : ‘नवीन गवत फुटावे म्हणून शेळ्या चारणाऱ्यांनी ही आग लावली.’ आधार म्हणून एक बातमी जोडलेली. ती उघडून वाचली, तर तिच्यात ‘असा संशय आहे’ एवढंच.

माझी आई त्याच डोंगरावर शेळ्या चारते.

रविवारी एसटीने शिरूर आणि तिथून जीपने गाव गाठलं. आई दारात बसून एका शेळीच्या खुरातला काटा काढत होती. मी शेळीचं तोंड धरलं आणि लेखातलं ते वाक्य तिला सांगितलं.

“कुनी लावली, मला काय ठावं, माय?” ती मान वर न करता म्हणाली. “आमी वर गेलतो तवा पेटलेलंच होतं. गडीमानसं ऊसतोडीला गेलती. आमी बायाच. लिंबाच्या डहाळ्या मोडल्या अन् झोडपत सुटलो. धुरानं डोळे उघडंनात. वनखात्याची गाडी आली तवा नुस्ता धूर ऱ्हायला होता.”

तिच्या तळपायाला आलेले फोड मी त्या वणव्यानंतर पाहिले होते. कितीतरी दिवस ती टाचेवर चालायची.

काटा निघाला. तिनं विचारलं, “आमी इझवली, ते लिवलंय का त्यात?”

“न्हाई.”

“मंग तू लिव की.”

“तसं चालत न्हाई, आये. कुठंतरी छापून आलेलं लागतं. अन् तू माझी आई. तुझं मीच कसं लिहू?”

“अन् आमी लावली, हे कुनी बघितलं म्हनं?”

मी शेळीचं तोंड सोडलं. नियम समजावून सांगायचं त्राण नव्हतं.

सोमवारी दोन तासांच्या मधे मी शेरा लिहिला : बातमीत फक्त संशय आहे, लेखात त्याची खात्री झाली आहे. खाली हेही लिहिलं, की या घटनेशी माझ्या घरच्यांचा संबंध आहे, तेव्हा निर्णय दुसऱ्या कुणी घ्यावा. मग डोळे मिटून टेबलावर डोकं टेकलं. घंटा झाली तशी उठले.

पुढे दुसऱ्या कुणीतरी वाक्य बदललं. ‘आगीचे निश्चित कारण समजलेले नाही; शेळ्या चारणाऱ्यांवर संशय व्यक्त झाला.’ लेख प्रसिद्ध झाला. विझवणाऱ्या बाया त्यात कुठेच नव्हत्या.

आईला फोनवर सांगितलं, “ते वाक्य बदललं, आये. पण संशय ऱ्हायलाच.”

“बरं,” ती म्हणाली. “जळाल्या डोंगरावर यंदा नुस्तं कुसळीचं टोचरं गवत माजलंय. शेळ्या तोंडच लावीनात. लई लांब न्यावं लागतंय.”