कोणी काई सरकवलं का?

वर्ध्याच्या आमच्या ऑफिसात त्या काही महिनेच होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत, त्यामुळे नाव विचारायचं राहूनच गेलं. रोज पवनारहून बसनं यायच्या, डबा खिडकीत ठेवायच्या आणि कॉम्प्युटर सुरू करण्याआधी मोठ्यानं विचारायच्या, "कोणी काई सरकवलं का?" आम्ही हसायचो.

काम तळेगावच्या एका दवाखान्याच्या डिझाइनचं होतं. भिंती माझ्या, बीम-कॉलम नागपूरच्या इंजिनीअरचे, पाण्याचे पाइप मॅडमचे. तिघांच्या फाइली वेगळ्या, पण एकमेकींना जोडलेल्या. दुसऱ्याचं काम आपल्या स्क्रीनवर दिसायचं. बदलायचं मात्र ज्याचं त्यानंच.

एकदा त्यांचा पाइप नेमका नागपूरकराच्या बीममधून जात होता. त्याचा फोन लागेना आणि ड्रॉइंग संध्याकाळी द्यायचं होतं. मी वैतागून म्हणालो, "त्याच्या फाइलीची कॉपी करा, बीम वर उचला आणि मोकळ्या व्हा."

"दिसते म्हणून आपलं होते का, सर?" त्या म्हणाल्या आणि पुन्हा फोन लावत बसल्या. शेवटी त्यानंच बीम वर घेतला. ड्रॉइंग दुसऱ्या दिवशी गेलं. बोलणी मी खाल्ली.

पुढे त्यांना पुण्यात नोकरी लागली. त्या गेल्यानंतरच्या सोमवारी मी माझी फाइल उघडली, तर अख्ख्या दवाखान्यात एकही पाइप नव्हता. मी ओरडलो, "कोणी काई सरकवलं का?"

कोणी हसलं नाही. "मॅडम गेल्या ना," पलीकडच्या टेबलावरून उत्तर आलं, "म्हणून त्यायचं फोल्डर काढून टाकलं."