पावण्यांच्या मासवड्या आणि पक्षाचा अध्यक्ष

आमच्या ह्यांना पक्षानं तालुकाध्यक्ष केलं ते त्यांच्या तोंडामुळे. दुसरं काही कारण नाही. मी शोधून पाहिलं.

हे कुणालाही बोलायचे. वीजवाल्यांना बोलले, तहसीलदारांना बोलले, भर सभेत स्वतःच्याच पक्षाच्या पुढाऱ्याला 'बुजगावणं' म्हणाले. (बुजगावण्याला पाखरं तरी भितात, हेही वर म्हणाले!) अशा माणसाला पक्षानं हाकलायचं, तर अध्यक्ष केलं! म्हणे, "असाच रोखठोक माणूस पाहिजे." ज्यांना त्या माणसाबरोबर एका घरात राहायचं नसतं, त्यांना असं सुचतं.

इकडे माझ्या लेकीची, शीतलची, आलेली स्थळं ह्याच तोंडापायी मोडत होती. "बाप असा, तर पोरगी कशी असंल?" बोरी गावचा मुलगा मात्र शीतलच्या मनात भरला होता. मध्यस्थ बबनभाऊंनी त्याच्या घरच्यांना कसंबसं पटवलं, "पोरगी आईवर गेलीय. आईच्या तोंडातून शब्द निघत न्हाई." ते खरंच होतं. परक्यांसमोर माझा पदर नाकापर्यंत आणि नजर जमिनीवर. मला माणसांचे फक्त पाय दिसतात.

पावणे पोरगी बघायला येणार, नेमक्या त्याच दिवशी ह्यांची निवड! "सत्कार उरकून लगेच येतो," म्हणून हे जुन्नरला गेले. मी पहाटेपासून मासवड्या वळत होते.

दारात पाय आले. पांढरे बूट, कडक इस्त्रीच्या विजारी. म्हटलं, आले बोरीचे पावणे! (बाया आणि बबनभाऊ मागून येत असतील.) पाय धुवायला पाणी दिलं.

"वैनी, सायब यायचेत का अजून?"

किती अदबीची माणसं! मी पानं वाढली.

"मासवडी एक नंबर, वैनी! रस्सा येऊ द्या!"

मग साडी नेसवून शीतलला पाणी घेऊन पुढं पाठवलं. एकानं विचारलं, "ताई, अठरा पूर्ण झाली का?"

"झाली."

"मतदार यादीत नाव घातलं?"

मला वाटलं, शिकलेलं घर दिसतंय, कागदपत्रं आधी बघतात!

शेवटची मासवडी संपली आणि वेशीवर हलगी वाजली. पावणे ताडकन उठले, ओरडले, "अध्यक्षसायबांचा विजय असो!" आणि उष्ट्या हातांनी पळाले.

पातेलं पाहिलं. रस्सासुद्धा नाही. आणि लेक कुणाला दाखवली, तर कार्यकर्त्यांना! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

तेवढ्यात दारात पुन्हा पाय. चिखलानं भरलेल्या चपला, वर गुलाल. आणखी कार्यकर्ते! मी जन्मात पहिल्यांदा तोंड उघडलं.

"आता काय राह्यलंय गिळायला? चुलीतली राख खाता? ज्याला घरात धड बोलता येत न्हाई, त्याला पुढारी केला, आन तुमी त्याच्यापुढं नाचताय! लाजा न्हाईत? माझ्या पोरीचं लगीन मोडायला निघालाय समदे! व्हा बाहेर!"

वर उलथणं उगारलं. पुढचे पाय एक पाऊल मागे सरले. त्या पायांत जोडवी होती. (मेला तो पदर!) मी तो वर सारला.

"वैनी," बबनभाऊ रडव्या आवाजात म्हणाले, "आवं, हे बोरीचे पावणं. मिरवणुकीत गाडी अडकली, चालत आलो. तेवढ्यात आमच्यावरच गुलाल उधळला."

आत शीतलचा हुंदका ऐकू आला. मुलाच्या आईनं भुवईवरचा गुलाल झटकला.

"बबनभाऊ, पोरगी आईवर गेलीय म्हणला व्हता ना?"

"म्हंजी... तसं..."

"मग जमलं! बापावर गेली असती तर आल्या पावली माघारी जानार व्हते. आमच्या घरात बी एक पुढारी हाये. त्याच्यापुढं मुकी सून काय कामाची?"

मी घाईघाईत पिठलं टाकलं. तोच हे हारांनी झाकलेले, डुलत आले. "वाढ गं, लई भूक लागलीय. मासवड्या झाल्या ना?"

"तुमच्या पक्षाला विचारा," मी म्हणाले. अध्यक्षांनी हार काढले आणि पिठल्याचं ताट पुढं ओढलं.

लग्न झालं. माझा राग अजून गेला नाही. मासवडी वळताना तर नव्यानं येतो. विहीणबाई मात्र भेटेल त्याला सांगतात, "पक्षानं घर बराबर हुडकलं व्हतं, मानूस तेवढा चुकला."

मी लाजून पदर पुढे ओढते. आता त्याला कोणी फसत नाही.