दादाच्या पाठीवरचा आवाज

डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षी आम्हाला छाती ठोकून पाहायला शिकवत. डाव्या हाताचं बोट रोग्याच्या अंगावर टेकवायचं आणि त्यावर उजव्या हाताच्या बोटाने ठोकायचं. आत हवा असली तर पोकळ आवाज, पाणी असलं तर बद्द. सरावाला परमुलखातलं, भवानीपूरचं आमचं बिऱ्हाड होतंच : माझ्या शिक्षणाचा खर्च उचलणारा थोरला भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि वहिनीचे पिठाचे डबे. डब्यांचं निदान माझं सहसा चुकत नसे. माणसांचं विचारू नका. शेजारी नागपूरहून बदलून आलेले बँकेतले काका राहत. त्यांचं यकृत वाढलंय असं मी जाहीर केलं, तेव्हा त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून पाकीट काढून दाखवलं. महिनाभर घरात दुसरा विनोद नव्हता.

त्या रविवारी दादा सदरा काढून पाठमोरा बसला. "ठोका, डॉक्टर! पीठ किती उरलंय बघा."

उजव्या खांद्याखाली पोकळ, पोकळ, आणि मग एकदम दगडावर ठोकल्यासारखं. मी पुन्हा ठोकलं. तेच.

"थांबलास का? माझ्याकडे पाकीट नाही हो."

संध्याकाळची त्याची कणकण, उतरलेला चेहरा, सगळं डोळ्यांसमोर आलं. वहिनी त्याचा दोष कधी इथल्या दमट हवेला देई, कधी मोहरीच्या तेलाला. मी म्हटलं, "दादा, उद्या कॉलेजात दाखवू."

"अरे जा! आता माझं यकृत का?"

मी हसलो नाही. कणीक मळणारे वहिनीचे हात थांबले. "जाऊन या," ती एवढंच म्हणाली.

एक्स-रे काढला आणि त्याला लगेच वॉर्डात ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी आमचीच तुकडी त्याच्या खाटेपाशी आली. इतका स्पष्ट आवाज शिकणाऱ्यांना रोज कुठला मिळायला! एकेकाने पुढे होऊन ठोकलं. दादा खाटेचा गज धरून बसला होता. सर रोग्यादेखतच इंग्रजीत शिकवत. गिरणीतल्या, खेड्यातल्या माणसांना काय कळणार, असा सगळ्यांचाच हिशेब. दादा केंद्र सरकारच्या कचेरीत दिवसभर इंग्रजी मसुदेच लिहीत असे.

"पाणी कशामुळे झालं असावं?" सरांनी विचारलं आणि माझ्याकडे बोट केलं.

आमच्या घरात तो शब्द उच्चारत नसत. "त्याला ते झालंय" म्हणत, तेही आवाज खाली आणून. नवी इंजेक्शनं निघाली होती म्हणे. पण आपल्या माणसाला मिळतीलच, याची खात्री कोण देणार? मी छताकडे पाहत राहिलो.

दादा मान न वळवता मराठीत म्हणाला, "बोल रे. माझ्यापायी नापास होऊ नकोस."

बाकीच्यांना मराठी कुठली कळायला! त्यांना वाटलं, रोगी गार बोटांची तक्रार करतोय. दोघेतिघे हसले.

"टीबी, सर."

"बरोबर," सर म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

दादा सदऱ्याची बटणं लावू लागला. एक बटण सारखं निसटत होतं.

"धाकटी अजून माझ्याच ताटात जेवते रे," तो म्हणाला. "तिला कधी ठोकून पाहिलंयस?"

नव्हतं पाहिलं. बोट लागताच ती खिदळत पळून जायची.

पलीकडून सरांनी मला हाक मारली.