बदलीला आलेली बाई

आधीच सांगते, अमानवीय वगैरे गोष्टींशी माझा काडीचा संबंध नाही. अमावस्या आमच्याकडे कधी येते नि कधी जाते ते भिंतीवरच्या कॅलेंडरलाच माहीत. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. म्हणजे 'हे आपोआप झालं' असं कुणी म्हटलं की तो माणूस कुठे चुकला ते शोधून काढणं हेच माझं काम. इथले तुमचे अनुभव मी जेवताना वाचते आणि मनातल्या मनात उत्तरंही देते. उंदीर असेल, वारा असेल, तुम्ही अर्धवट झोपेत असाल... त्यामुळे आज स्वतःच लिहायला बसलेय तर थोडं ओशाळल्यासारखं होतंय. हसायचं असेल तर हसून घ्या, मी तुमच्या जागी असते तर हसलेच असते.

गोष्ट गेल्या जानेवारीतली. आम्ही खडकीला राहतो, कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये, पहिल्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक गॅलरी, तिच्यात कोरफडीची एक कुंडी. निलेश, माझा नवरा, कारखान्यात फर्स्ट शिफ्टला. त्याची आई तो महिन्याभराचा असताना गेली. त्याला वाढवलं त्याच्या मावशींनी, आईच्या सख्ख्या धाकट्या बहिणीनं. आई गेली तेव्हा मावशी जेमतेम पंधरा वर्षांच्या होत्या. बाळाला सांभाळायला म्हणून वाघोलीहून आल्या त्या इथल्याच झाल्या, लग्न केलं नाही. माझ्या दृष्टीने सासूबाई त्याच. मीही त्यांना मावशीच म्हणते. आणि चौथी आमची ओवी, तेव्हा अडीच महिन्यांची.

ओवी झाल्यावर मला काहीतरी झालं. रडू येतं, उदास वाटतं, असं काही नव्हतं हो... भीती. नुसती भीती. ती झोपली की मी तिच्या छातीवर हात ठेवून श्वास बघत बसायची. तिला घेऊन जिना उतरायचा म्हटलं की तळहात घामाने ओले. कारखान्याचा भोंगा झाला की छाती अशी धडधडायची की वाटायचं आता हातातून पोर सुटणार. हळूहळू मी तिला उचलायचीच बंद झाले. मावशींनी मांडीवर आणून द्यायची, मी पाजायचं, मावशींनी परत न्यायची. त्यांना वाटायचं टाके दुखतात म्हणून.

निलेश मला एका डॉक्टरबाईंकडे घेऊन गेला. शांत बाई. सगळं ऐकून घेतलं, गोळी लिहून दिली आणि मी विचारायच्या आत म्हणाल्या, "दूध पाजत राहा. ही गोळी दुधात अगदी थोडी उतरते, तुमच्या बाळासाठी ती चालेल, मी बाळाच्या डॉक्टरांशीही बोलते. ती फार झोपाळू वाटली, नीट ओढत नसली तर फोन करा. फक्त आपल्या मनाने बंद करू नका." मावशींना आम्ही सांगितलं, कॅल्शियमची गोळी आहे.

पहिली गोळी घेतली त्या दुपारी ओवी सलग तीन तास झोपली. एरवी पाऊण तासात उठणारी पोर! झालं... माझ्या डोक्याने निकाल लावून टाकला. गोळी दुधात उतरली, मी माझ्या हाताने तिला गुंगीचं औषध पाजलं. डॉक्टरबाईंना फोन करावा हे सुचायला हवं होतं, सुचलं नाही. दुसऱ्या दिवसापासून निलेश कामावर जाताना हातावर गोळी ठेवायचा, मी पाण्याचा घोट घ्यायची, आणि तो जिना उतरला की गोळी कोरफडीच्या कुंडीत बोटाने खोल खुपसायची. अकरा दिवस. हे जगात कुणालाही माहीत नव्हतं, हे कृपया लक्षात ठेवा.

बाराव्या दिवशी सकाळी छायाचा व्हॉइस मेसेज आला. छाया म्हणजे ओवीला तेल लावून आंघोळ घालायला येणारी बाई. "ताई, आज जमणार नाही, पाठ धरलीय." मावशींना त्यांच्या बीपीच्या गोळ्या आणायला दवाखान्यात जायचं होतं. मी म्हटलं, जा तुम्ही, मी आहे ना. तोंडाने म्हटलं. दहा वाजता दार लागलं, आणि पाचच मिनिटांत ओवी रडायला लागली.

खरं सांगते, मी तिच्यापासून चार हातांवर उभी होते आणि माझा हात पुढे होईना. ती रडून लालबुंद, आणि मी भिंतीला टेकून. आपण हिची आई व्हायच्या लायकीच्या नाही, हिला घेऊन मावशींनी कुठेतरी लांब जावं, असं अगदी स्वच्छ मनात आलं. तेवढ्यात बेल वाजली.

दारात एक बाई. पंचावन्न-साठची, सावळी, चापूनचोपून नेसलेलं नऊवारी, खांद्यावर पंचा. म्हणाली, "बदलीला आले हाय." पुण्यात कामाच्या बायकांची ही पद्धत तुम्हाला माहीत असेलच. स्वतः येणार नसली की ओळखीतली कुणीतरी बदली पाठवतात. मी विचारलं, "छायानं पाठवलं का?" ती नुसती हसली आणि सरळ आत आली. बाथरूम कुठे, तेल कुठे, काही विचारलं नाही. पण दोन खोल्यांच्या घरात विचारण्यासारखं असतं तरी काय, म्हणा.

ओवीला तिनं पायांवर घेतलं आणि रडणं थांबलं. तेल लावताना पोरीनं तिच्या साडीवर शू केली. ती तशीच चोळत राहिली. आंघोळ झाली, धुरी झाली, आणि मग तिनं दुपट्यात गुंडाळताना ओवीचा डावा हात बाहेरच ठेवला. आमच्याकडे मावशी आणि छाया दोघीही दोन्ही हात आत घेऊन घट्ट बांधतात. मी म्हटलं, "अहो, हात राहिला." तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे की. पिताना आईला धराया एक हात मोकळा नको का?"

मग उरलेलं कोमट पाणी घेऊन ती गॅलरीत गेली, कुंडीत ओतलं, आणि तिकडूनच म्हणाली, "पोरी, गोळ्या पेरून कोंब फुटत न्हाईत गं."

मी जागच्या जागी खाली बसले. (पाणी ओतताना माती सरकली असेल, गोळ्या पांढऱ्या, दिसल्या असतील. हे मी नंतर स्वतःला बजावून सांगितलं.) आणि मग, का कोण जाणे, मी त्या अनोळखी बाईला सगळं सांगून टाकलं. निलेशला न सांगितलेलंसुद्धा. ती पंचाला हात पुसत ऐकत होती. विचारलं, "डाक्टरनं पाजू नगं म्हनलं का?" मी म्हटलं, नाही, पाज म्हणाल्या. "मग? अंगावर पाजतीस न्हवं? तर अंगावर काढू नगंस."

एवढंच. समजावणं नाही, धीर देणं नाही. तिनं ओवीला माझ्या हातात ठेवलं, मांडीवर नाही, हातात... आणि ती चपला घालायला लागली. त्या मोकळ्या हाताने ओवीने माझ्या गाऊनची कड धरली. मी म्हटलं, "तुमची साडी खराब केली हो हिनं, सॉरी." ती जिन्याकडे वळता वळता म्हणाली, "लहान व्हती ती. तिला काय कळत व्हतं? मनात न्हाई ठेवायचं, म्हनावं."

आता मी पडले पुणेकर. अंगावर शहारे असताना मनात पहिला विचार काय आला असेल, तर 'लहान आहे' म्हणायला हवं, 'होती' काय? आणि 'म्हणावं' कुणाला, अडीच महिन्यांच्या बाळाला? खेड्याकडची बोली म्हणून मी ते सोडून दिलं. व्याकरण तपासायच्या नादात चहाही विचारला नाही तिला.

साडेअकराला मावशी आल्या. मी ओवीला घेऊन खुर्चीत बसले होते, हेच त्यांना नवल. जवळ येऊन बघतात तो डावा हात बाहेर. पिशवी तिथेच खाली ठेवली. "हे कुणी बांधलं?"

"बदली आली होती छायाची."

"कुठली होती?"

"विचारलं नाही. हाय-न्हाई बोलत होती."

त्यांचा चेहरा बघून मी छायाला फोन लावला. ती म्हणाली, "मी कुनाला पाठवलं नाही ताई. बदली पाठवली तर तुम्हाला सांगनार नाही का मी?" दुपारी मावशींना खाली गेटवर रजिस्टर बघायला पाठवलं, तर वॉचमनकाकांनी सवयीप्रमाणे सकाळीच छायाच्या नावाखाली 'सदर' 'सदर', म्हणजे 'कालच्यासारखंच', असं लिहून ठेवलेलं. पुराव्याच्या नावानं बोंब. खालच्या काळे काकू सकाळभर दारात उन्हाला बसतात, त्यांच्या नजरेतून मांजर सुटत नाही. त्या म्हणाल्या, कुणीही आलं नाही. पण मध्ये दूध उतू गेलं म्हणून त्या आत गेल्या होत्या, हेही त्यांनीच सांगितलं. शेजारच्या बिल्डिंगमध्ये आमच्याच नंबरचा क्वार्टर आहे, बाई चुकून आमच्याकडे आली असेल म्हणून तिथेही विचारलं. तिथे बाळच नाही.

संध्याकाळी निलेश यायच्या आधी मावशी माझ्यासमोर येऊन बसल्या. म्हणाल्या, "ताई निलेशचा हात असाच मोकळा ठेवायची. आमच्या आईनं शिकवलेलं तिला. पिताना आईला धरायला म्हणून. ताई गेली आणि मी परत कधी तसं बांधलं नाही. निलेशलाही नाही. मला बघवायचंच नाही ते."

मी इतकी वर्षं ऐकलं होतं की निलेशची आई तापानं गेली. त्या दिवशी मावशींनी पुढचं सांगितलं. बाळंतिणीचा ताप होता, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. ताईंनी घेतल्या नाहीत. त्या गेल्यावर सगळ्या गोळ्या गादीखाली निघाल्या, एका फडक्यात बांधलेल्या.

"सगळे म्हणाले, तिनं अंगावर काढलं," मावशी म्हणाल्या. "पण तिला मीच म्हणाले होते गं. बायका बोलताना ऐकलं होतं कुठेतरी... मी तिला म्हटलं, ताई, गोळ्या घेऊ नको, दुधात उतरतील, बाळाला काही झालं म्हणजे? आणि तिनं माझं ऐकलं. आजवर कुणाला सांगितलं नाही. निलेशला तर कसं सांगू? त्याची आई मी..." मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "लहान होते मी. मला काय कळत होतं?"

मी उठले, त्यांचे दोन्ही हात धरले आणि ती बाई जाताना काय म्हणाली ते सांगितलं. 'होती' तशीच ठेवून, 'म्हणावं' तसंच ठेवून. मावशी रडल्या नाहीत. आत गेल्या, कुकर लावला, तिसरी शिट्टी होईपर्यंत ओट्याशी उभ्या राहिल्या, आणि परत येऊन म्हणाल्या, "आता पुन्हा सांग. शब्द न् शब्द सांग."

मग मीही माझं सांगितलं, कॅल्शियमची गोळी म्हणजे काय ते. त्यांनी आधी मला डॉक्टरबाईंना फोन लावायला लावला. बाईंनी अकरा दिवसांबद्दल सौम्य शब्दांत खरपूस समाचार घेतला, बाळं अशी मध्येच एखादी लांब झोप काढतात म्हणाल्या, तरी नीट चौकशी केली आणि पुन्हा सुरू कशी करायची ते सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन मावशी समोर उभ्या. गिळल्यावर तोंड उघडून दाखवायला लावायच्या, शाळेतल्यासारखं. भीती एका दिवसात गेली नाही, पण गेली. मार्चमध्ये ओवीला घेऊन मी एकटी जिना उतरले आणि काळे काकूंशी मुद्दाम अर्धा तास गप्पा मारल्या. ओवी अजून पिते. गोळी आता डॉक्टरबाईंनीच हळूहळू कमी करत आणलीय. तुमच्यात कुणी माझ्यासारखी असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारा, कुंडीला विचारू नका.

घरात निलेशच्या आईचा एकच फोटो आहे, लग्नातला, मुंडावळ्या बांधलेला. त्यात त्या एकोणीस वर्षांच्या. मी तो कितीदा तरी निरखलाय. आलेली बाई साठीच्या घरातली. चेहरा जुळतो का? नाही सांगता येत. आज असत्या तर साधारण त्याच वयाच्या असत्या, एवढंच. आमच्या कामात अशा केसवर 'पुन्हा घडवून दाखवता येत नाही' असा शेरा मारून ती बंद करतात. पाणी ओतताना गोळ्या दिसल्या असतील, हात मोकळा ठेवायची पद्धत वाघोलीकडे अजून कुणाची असेल, बाई पत्ता चुकली असेल... सगळं मान्य. एका शब्दाचं काय करायचं ते मात्र मला अजून सुचलेलं नाही.

आजही दुपारी भाजी निवडताना मावशी मध्येच थांबतात. मला माहीत असतं काय येणार ते.

"रेवती, नक्की 'व्हती'च म्हणाली ना गं?"

"हो मावशी. 'व्हती'च म्हणाली."

त्या मान हलवतात, आणि पुन्हा भाजी निवडायला लागतात.