शेजारणीच्या दारात
वडनेर भोलजीला आमची घरं लागूनच आहेत. शेजारणीच्या शेळीनं माझा कोथिंबिरीचा, आमच्याकडच्या सांबाराचा, वाफा फस्त केला, तेव्हा मी तिला नाही नाही ते बोलले. मग चार दिवस अबोला. रविवारी सकाळी प्रार्थनेला बसले, पण ‘आम्हांला क्षमा कर’ याच्या पुढचे ‘जशी आम्ही इतरांना करतो’ हे शब्दच निघेनात. प्रभूपुढे खोटं कसं बोलावं? तशीच उठून तिच्या दारात गेले.

“काऊन आली?” तिनं विचारलं.

“माफी मागाले. लय बोलली मी तुले.”

ती हसली. “बस, चहा मांडतो. सांबार खाणारी शेळी तं माहीच होती नं!”

चर्चमध्ये उपासनेला उशिरा पोचले. मागं उभी राहून इतक्या मोठ्यानं गायले, की पुढच्या बाया वळून पाहू लागल्या.